सुमो: शिंतो विधी की तिकिटावरचा खेळ?

मातीपारखी: ‘सुमो ही जपानी कुस्ती म्हणजे शिंतो या जपानी धर्मातला, दोन हजार वर्षं जसाच्या तसा चालत आलेला विधी’ हे मला पटत नाही. ७२० सालच्या ‘निहोन शोकी’ या जपानी इतिहासग्रंथात नोमी नो सुकुने हा मल्ल लाथेने प्रतिस्पर्ध्याच्या बरगड्या मोडून त्याला ठार करतो. आज छातीवर किंवा पोटावर लाथ मारणं निषिद्ध आहे. आजचा सुमो घडला एदोत (आजच्या टोकियोत), देवळांच्या डागडुजीसाठी पैसे उभे करणाऱ्या सामन्यांतून. १६८४ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. पंचांचा सध्याचा पोशाख १९१०चा, रिंगणावरचं देवळासारखं छप्पर १९३१चं.

उंबरठा: तारखा बरोबर, निष्कर्ष घाईचा. त्याआधी हेइआन काळात सम्राटाच्या दरबारात सातव्या महिन्यात सुमोचा सोहळा व्हायचा, तिथे कुठलं तिकीट? आजही स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोह्योच्या, म्हणजे मातीच्या रिंगणाच्या, मध्यभागी तांदूळ, मीठ, चेस्टनट, कोंबू (समुद्री शेवाळ), सुकवलेला स्क्विड आणि काया वृक्षाच्या बिया पुरतात. शेवटच्या दिवशी नवखे मल्ल एका पंचाला हवेत उडवून देवाची पाठवणी करतात. नुसता देखावा असता तर एवढा खटाटोप कशाला?

शिकिरी: तुम्ही दोघंही पोशाख-पूजेत अडकलात. खरं तत्त्व ताचिआईत, म्हणजे सुरुवातीच्या भिडण्यात आहे. मल्ल ज्यांच्यामागे बसतात त्या दोन रेषांत अंतर फक्त ७० सेंमी, आणि सुरुवातीची शिट्टी नाही! दोघांचे हात मातीला टेकले, श्वास जुळला, की भिडायचं. घाई झाली तर ‘मत्ता’, पुन्हा बसा. उठायला जरा उशीर झाला की पाठ ताठ होते, छाती उघडी पडते आणि समोरचा खालून घुसतो.

मातीपारखी: भिडण्याआधीच्या त्या तयारीलाही १९२८ मध्ये रेडिओसाठी वेळेची मर्यादा घातली, आता सर्वोच्च गटाला चार मिनिटं. त्या रेषाही तेव्हाच्याच.

शिकिरी: मर्यादा घातली, पण उठायचं केव्हा हे आजही मल्लच ठरवतात. मार्च २०१६, ओसाका: भिडायच्या क्षणी हाकुहो हा मल्ल बाजूला सरकला, प्रतिस्पर्धी हारुमाफुजी तोल जाऊन बाहेर. विजय नियमात बसणारा, तरी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. हाकुहोने रडत माफी मागितली.

मातीपारखी: हे मान्य. माझा राग स्त्रियांनी दोह्योवर पाऊल ठेवू नये या, प्राचीनतेच्या नावाखाली चालणाऱ्या बंदीवर आहे. २०१८ मध्ये जपानमधल्या माइझुरू शहरात महापौर दोह्योवर कोसळले. प्रथमोपचार करणाऱ्या स्त्रियांना खाली उतरायची घोषणा झाली. सुमो संघटनेने नंतर माफी मागितली, बंदी मात्र तशीच. त्याच ‘निहोन शोकी’त सम्राट युर्याकूच्या दरबारात स्त्रियाच सुमो खेळल्याची नोंद आहे. परंपरेचा हवाला द्यायचा तर तीही वाचा की!