कोकण हुशार, विदर्भ ढ?

खडूफळा: दहावीचा 2025 चा निकाल टाकून एकाने लिहिलंय, 'कोकण 98.82, नागपूर 90.78, विदर्भाने आता तरी शिकावं.' डोकंच फिरलं. मंडळाच्या कोकण विभागात जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. खरी मेख शाळेच्या हातातल्या 20 गुणांत आहे. मराठीला शाळेने 18 टेकवले की लेखी 80 पैकी 17 ला पोरगं पास. 2019 ला भाषा आणि समाजशास्त्राचे हे गुण काढले, तर राज्य 89.41 वरून 77.10 वर आलं आणि नागपूर 85.97 वरून 67.27 वर.

देवगडकर: कोकणचा आकडा बरा गाळलात! 88.38. कुबड्या काढूनही पहिलंच. शिवाय त्याच वर्षी अभ्यासक्रमही बदलला होता.

खडूफळा: 96 वरून 88.38. घसरलात तुम्हीही. 2020 ला गुण परत दिले आणि राज्य थेट 95.30. अभ्यासक्रम तर तोच होता ना?

देवगडकर: आणि करोनामुळे रद्द झालेला भूगोलाचा पेपर? त्याचे गुण सरासरीने वाटले, ते सोयीस्कर विसरलात.

मांजराकाठ: पास-नापास पुरे. 2025 ला 100 टक्केवाले 211, त्यातले 113 एकट्या लातूर विभागाचे. विभागाचा निकाल मात्र 92.77, नवांत खालून दुसरा. याचं काय करता?

सातबारा: शंभर कसले! सर्वोत्तम पाच विषय धरून 500 पैकी 493, वर इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेतल्या अ श्रेणीचे 7. झाले 500. खेळाचे गुण आणखी वेगळेच.

मांजराकाठ: ही सवलत नागपूरला नाही का? खेळाचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यामार्फत, चित्रकलेचा शाळेकडून. मुदतीत पाठवा, कोणी हात धरलाय?

सातबारा: ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही, तिथे आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएटला पोरांना बसवणार कोण? तलाठी? मोठ्या शाळा हे आठवीपासून आखतात. हा हुशारीचा नाही, कागदपत्रांचा निकाल आहे.

मांजराकाठ: म्हणजे 493 आपोआप पडतात! उत्तम. उद्यापासून अभ्यास बंद, रंगपेटी सुरू.

देवगडकर: चित्रकला आवरा. मुली 96.14, मुलगे 92.31. शाळा त्याच, 20 गुणही तेच. हे कसं बसवता?

खडूफळा: नाही बसत. सगळं 20 गुणांवर ठरत नाही, झालं समाधान? आता 'विदर्भाने शिकावं' मागे घ्या.

देवगडकर: ते मी लिहिलंच नव्हतं. लिहिणारा केव्हाच पसार झालाय.