कामाला गेलेली पोरं आणि गावाचं आयुर्मान

धागाकर्ता: काल इथं एकानं ठोकून दिलं, "कतारमध्ये सगळी तरणी पोरं, म्हणून तिथलं आयुर्मान वाढलं, आपल्या खेड्यांत म्हातारेच उरले, म्हणून आपलं घसरतं." राजेहो, हा ढोबळ मृत्युदर झाला, म्हणजे वय न पाहता हजार माणसांमागं वर्षाच्या मयती! कतारचा हजारी 2 च्या आत, जपानचा 10 च्या वर. तरी जपानी माणूस जास्त जगतो. समजा गावात 1000 माणसं. साठीपुढचे 200, त्यांत वर्षाला 8 मयती. बाकीच्या 800 त 2. दर हजारी 10. त्या 800 तले 400 कामाला गेले, मागच्या 400 त मयत 1. आता 600 त 9, दर थेट 15. पण साठीपुढे हजारी 40 च आणि खाली अडीचच. आयुर्मान वयगटांच्या दरावरून निघतं. ते जागचं हललं नाही.

झाडीपट्टीवाला: गेलेले 400 चिठ्ठ्या टाकून निवडले काय? गडचिरोलीतून मिरची तोडाले तेलंगणात गाडी निघते, तवा टीबीवाला, दमेकरी चढतच नाही. धडधाकट जाते. मंग दोन्ही मयती मागच्या 400 तच. अडीचाचे पाच झाले. वरून तिकडं गेलेल्यानं खाट धरली का गावाले धाडते. मयत आमच्या खाती, घाम त्यांच्या. अमेरिकेतही बाहेरून आलेले तिथंच जन्मलेल्यांपेक्षा सरासरीनं जास्त जगते, देशाचा आकडा वर जाते.

वऱ्हाडी: आकडे ठेवा बाजूले, दाखल्याचं बोला! मरण जिथं, नोंद तिथंच. परराज्यात गेला तर आपला ग्रामसेवक दाखला देऊ शकत नाई. 21 दिवस फुकट, 30 पर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत लेखी परवानगी, नंतर मॅजिस्ट्रेटचा आदेश. मुकादम घाईत कामाच्या जागेचाच पत्ता देते. नाव-पत्ता जुळला नाई का तलाठ्याकडं वारसनोंद अडकली. रेशनकार्डावर मात्र मेलेला जिता, माणशी 5 किलो चालूच. अन् यावर तुमचं आयुर्मान!

धागाकर्ता: कुठून कुठं चाललात? देशाचं 2016–20 चं आयुर्मान 70.0 वर्षं, ते ग्रामसेवकाच्या वहीतून आलेलंच नाही. ते नमुना नोंदणीतून येतं, म्हणजे देशभरातल्या निवडक गावं-वस्त्यांच्या सरकारी पाहणीतून. तिथं गणक जन्म-मयती वर्षभर टिपतो, पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी वेगळा फिरतो. दोन्ही याद्या ताडतात, न जुळलेली नोंद पुन्हा घरी जाऊन तपासतात. रेशनकार्डाचा संबंध काय?

वऱ्हाडी: अन् घराले कुलूप असलं तर? शेजारी सांगणार, "असंल चाळीस-पंचेचाळीस". मयत एका वयगटातून दुसऱ्यात!

झाडीपट्टीवाला: त्या नमुन्यात जिल्ह्याचं आयुर्मान निघतच नाई. गडचिरोलीचं घसरलं का वाढलं, कोणत्या तोंडानं सांगता?

धागाकर्ता: बरं बाबा, धडधाकट निवडून जातात हे मान्य. झाला जीव थंड? पण कालच्या पोस्टवाल्यानं कारण वयाचं दिलं होतं. ते चूक म्हणजे चूक.

वऱ्हाडी: अन् वारसनोंदीचं? का तेही जपानले विचारू?