लहान देशांना नियम तारतील की मोकळीक?

दीपस्तंभ:
2 एप्रिल 2025 ला अमेरिकेने आयातशुल्काची जी यादी जाहीर केली, त्यात सर्वात चढ्या दरांत लेसोथोचं नाव होतं. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, जीन्स आणि कपडे शिवून अमेरिकेला विकणारा हा छोटा, गरीब देश. त्याच्यावर 50 टक्के! हिशेब काय, तर त्या देशाशी व्यापारात अमेरिकेला येणाऱ्या तुटीला तिथून होणाऱ्या आयातीने भागायचं आणि येईल त्याच्या निम्मं शुल्क लावायचं. अमेरिकी माल विकत घेण्याची लेसोथोची ऐपतच नाही, हे त्या सूत्रात कुठे बसणार? पुढे दर 15 टक्क्यांवर आला, पण तोवर ऑर्डरी गेल्या आणि कामगार घरी बसले.

आता 1995 आठवा. अमेरिकेने कोस्टा रिकाच्या अंतर्वस्त्रांवर कोटा लावला. कोस्टा रिका जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि 1997 मध्ये अपिलातही जिंकला. तेव्हा दाद मागायला दार होतं. आज नाही. संघटनेच्या अपील मंडळात सात सदस्य हवेत, एका प्रकरणाला किमान तीन. अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर 2019 पासून मंडळ ठप्प आहे. हरलेला देश अपील करतो, ऐकायला कोणी नसतं, निकाल लटकतो. माझं मत स्पष्ट आहे: अमेरिकेची वाट न बघता बाकीच्यांनी 2020 च्या पर्यायी अपील व्यवस्थेत, म्हणजे काही सदस्य देशांनी आपसात ठरवलेल्या पंचांच्या सोयीत, सामील व्हावं.

खडकवाट:
साफ असहमत. लेसोथोचे कारखाने जागतिक नियमांवर उभे राहिलेच नव्हते. अमेरिकेने 2000 साली आफ्रिकेसाठी स्वतःच्या कायद्याने जी शुल्कमाफी दिली, तिच्यावर उभे होते. मेहरबानी होती, देणाऱ्याच्या मर्जीवरची.

आणि जिंकून काय मिळतं तेही बघा. अँटिग्वा-बार्बुडा हा साधारण एक लाख वस्तीचा देश ऑनलाइन जुगाराच्या प्रकरणात अमेरिकेविरुद्ध जिंकला. 2007 मध्ये वर्षाला 2 कोटी 10 लाख डॉलरपर्यंत प्रत्युत्तराची कारवाई मंजूर झाली. पण एवढ्याशा बेटाने अमेरिकी मालावर शुल्क लावलं तर चिमटा बेटालाच बसणार.

उलट इंडोनेशिया बघा. कच्च्या निकेलची निर्यात 2020 पासून बंद केली, म्हणजे धातू देशातच शुद्ध होईल. युरोपीय संघाने दावा लावला, 2022 मध्ये इंडोनेशिया हरला, आणि त्याने त्याच बंद मंडळाकडे अपील केलं. निकाल लटकला, भट्ट्या चालू राहिल्या. जे देश संरक्षण देऊन श्रीमंत झाले, त्यांनीच लिहिलेले नियम आहेत हे. ते ढिले पडले तर मला दुःख नाही.

दीपस्तंभ:
इंडोनेशियाकडे निकेल आहे, लेसोथोकडे काय आहे? ही मोकळीक त्यालाच फळते ज्याच्यापाशी अडवून धरण्यासारखं काही आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि काही आठवड्यांत मोठमोठ्या मोटार कंपन्यांची कामं अडली. ही ताकद किती देशांकडे आहे?

अँटिग्वाचा मुद्दा खरा आहे, आणि मला तो बोचतो. पण वसुली होत नाही म्हणून न्यायालयच नको, हे कसं पटावं?

सुतळी:
निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते, म्हणून एकच सांगते. जागतिक नियम ढिले पडले तर 'आपापसात वेगळे करार करू' म्हणणं सोपं आहे, पण प्रत्येक कराराचे उगमाचे नियम, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा ते ठरवणारे नियम, वेगळे. एकच शर्ट घ्या. पॅसिफिक देशांच्या सीपीटीपीपी करारात सर्वसाधारण नियम असा की सूतसुद्धा सदस्य देशांतलंच हवं. युरोपात अतिगरीब देशांच्या सवलतीला कापड बाहेरचं चालतं, शिवण तिथली हवी. मोठी कंपनी यासाठी माणसं ठेवते. लहान कारखानदार वैतागून सवलत सोडतो आणि पूर्ण शुल्क भरतो. सवलत असते कागदावर.

व्यापार संघटनेच्या 2025 च्या हिशेबानुसार जगातला सुमारे 72 टक्के मालव्यापार अजूनही सर्वांना समान दराच्या तत्त्वावर चालतो. पूर्वी तो 80 टक्क्यांच्या आसपास होता. घसरण आहेच, पण म्हणून उरलेलं मोडीत काढायचं?

खडकवाट:
सुतळीताई, उगमाच्या नियमांचं मान्य. तो जाच खराच आहे.

पण पर्यायी व्यवस्थेतला पहिला निवाडा कोणाचा? डिसेंबर 2022, युरोपीय संघ विरुद्ध कोलंबिया. विषय बेल्जियम, जर्मनी आणि नेदरलँड्सहून येणारे गोठवलेले बटाट्याचे काप. स्वस्त आयातीविरुद्ध कोलंबियाने शुल्क लावलं होतं, आणि मुख्य मुद्द्यांवर युरोप जिंकला. दार उघडल्यावर आधी आत कोण गेलं ते बघा.

दीपस्तंभ:
गेला युरोप, पण शुल्क वाढवून कोलंबियाला वाकवायला नाही, पुरावे घेऊन पंचांसमोर गेला. वकिलांच्या खर्चाचंच म्हणाल, तर जिनिव्हात 2001 पासून गरीब देशांना कायदेशीर मदत देणारं केंद्र आहे. लेसोथोला त्या एप्रिलमध्ये कोलंबियाएवढी जरी सुनावणी मिळाली असती, तरी ते 50 टक्के कशाच्या आधारावर, हे कोणाला तरी पंचांसमोर सांगावं लागलं असतं.

खडकवाट:
अमेरिका त्या व्यवस्थेत नाहीच. मग सांगणार कोण? लेसोथोने आधी दुसरी गिऱ्हाइकं शोधावीत, आफ्रिकेतच.