सात वाजता येणारी चौकट

*खजिनदार :* नमस्कार. सोसायटीच्या कार्यालयातील संगणकावर रोज सायंकाळी ७ वाजता 'हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची का?' असे विचारणारी चौकट शनिवारपासून येत नाही आणि शेवटची प्रतही शुक्रवारचीच आहे. कार्यालय तळमजल्यावर आहे आणि सांगलीच्या शामरावनगरात २०१९ चा पूर कोणी विसरलेले नाही, म्हणून कृपया लवकर पाहावे.

*ब-३०४ :* ताई, आत्ताच जाऊन पाहिले. वापरकर्ता लॉग-इन नसला तरी काम चालवावे, असा पर्याय टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) कोणीतरी निवडला आहे. तसे केले की ही चौकट दाखवून प्रत घेणारी स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) विंडोज वेगळ्या सत्रात चालवते आणि तिथे उघडलेली चौकट आपल्या पडद्यावर येत नाही. चौकट दाखवणारी 'एमएसजीबॉक्स' ही आज्ञा उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे स्क्रिप्ट शनिवारपासून ताटकळत बसली आहे, आणि आधीची फेरी संपलेली नसल्याने रोजची नवी फेरी सुरूच होत नाही.

*सचिव :* तो पर्याय मीच निवडला होता. कार्यालयात कोणी नसले तरी प्रत निघावी, एवढाच हेतू होता.

*ब-३०४ :* काका, हेतू रास्तच आहे. पर्याय पूर्ववत केला असून 'एमएसजीबॉक्स'ऐवजी आता 'पॉपअप' वापरले आहे, कारण त्याला सेकंदांची मुदत देता येते. ६० सेकंदांत कोणी बटण दाबले नाही, तर चौकट आपोआप मिटते आणि स्क्रिप्टला उणे १ हे उत्तर मिळते. 'येस'साठी ६ आणि 'नो'साठी ७ मिळतात. उणे १ आले तरी प्रत घ्यावी, असे लिहिले आहे. मात्र जाताना संगणक लॉक करावा, लॉग-आउट करू नये.

*अ-१०२ :* जुन्या नोंदी पुसण्यापूर्वी येणाऱ्या चौकटीलाही हाच नियम लावला आहे का?

*ब-३०४ :* मुळीच नाही. तिथे उत्तर न मिळणे म्हणजे नकारच. शिवाय दोन बटणांचे ४ आणि प्रश्नचिन्हाचे ३२ यांत दुसरे बटण आधीच निवडलेले ठेवणारे २५६ मिळवून २९२ हा आकडा चौकटीच्या आज्ञेला दिला आहे, म्हणजे घाईत एंटर दाबला गेला तरी 'नो' निवडले जाते. (घाईत एंटर दाबणाऱ्यांत मीही आहे.)

*खजिनदार :* त्या चौकटीत मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत होती.

*ब-३०४ :* स्क्रिप्टची फाइल नोटपॅडमधून एएनएसआय या अक्षरे साठवण्याच्या जुन्या पद्धतीने साठवली गेली होती आणि त्या पद्धतीत देवनागरी अक्षरे टिकत नाहीत. मजकूर पुन्हा टाइप करून देवनागरी टिकवणाऱ्या यूटीएफ-१६ एलई पद्धतीने साठवला आहे.

*खजिनदार :* आज ७ वाजता चौकट आली, मजकूरही नीट दिसला. मी मुद्दाम बटण दाबले नाही. मिनिटभराने ती मिटली आणि पेन ड्राइव्हवर आजच्या तारखेची प्रत आली आहे.