महापालिका शाळांतल्या मुलांना टेकडीवर नेण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करावा का?

गवतकाडी

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात उद्यानांसाठी पैसा असतो, वृक्षगणनेसाठी असतो, दुभाजकांतल्या शोभेच्या रोपांसाठीही असतो; पण महापालिका शाळेतल्या मुलांना याच शहरातल्या टेकड्या, ओढे आणि तळी दाखवण्यासाठी दरवर्षी हमखास मिळणारी रक्कम वेगळी काढावी, असे म्हटले की समोरचा माणूस ‘आधी शाळेला शिक्षक द्या’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. तो इथे तरी मिटू नये म्हणून हा धागा काढत आहे.

माझी सूचना मर्यादित आहे. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाला वर्षातून सहा वेळा, शाळेला जवळ पडेल त्या टेकडीवर किंवा ओढ्याकाठी न्यावे आणि बस, खाऊ, विमा व सोबतच्या मार्गदर्शकाचे मानधन महापालिकेने द्यावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितलेलेच आहेत, त्यामुळे वेळ कुठून काढायचा हा प्रश्नही फारसा उरत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी एका शाळेच्या सातवीच्या वर्गाबरोबर मदतनीस म्हणून गेलो होतो. मुले बहुतेक दांडेकर पूल आणि दत्तवाडीच्या बाजूची. कात्रजच्या तलावापासून निघायचे, आंबिल ओढा रस्त्यावरून जिथे जिथे दिसेल तिथे बसमधून उतरायचे, पात्राची रुंदी अंदाजाने वहीत लिहायची, एवढाच कार्यक्रम होता. वरच्या बाजूला एका मुलाने ओढा तीन ढांगांत ओलांडला. एका मुलीच्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून ती वही आणि चपला दोन्ही हातांत धरून चालत होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला तेव्हा घरात पाणी कुठवर चढले होते ते तिने बाईंच्या खांद्याला हात लावून दाखवले. तेव्हा ती दुसरीत होती आणि आईने तिला माळ्यावर बसवले होते. ‘वर तर एवढंसं आहे, मग आमच्याकडे एवढं कुठून आलं?’ असे तिने विचारले. त्या एका प्रश्नाचे उत्तर देताना मला डोंगरउतार, बुजवलेले नाले, पात्रातली बांधकामे आणि पेशवाईत याच ओढ्याचे पाणी अडवून आजच्या सारसबागेच्या जागी केलेले तळे, इतके सगळे सांगावे लागले. हा धडा वर्गात बसून झाला असता असे मला वाटत नाही. ती बस एका देणगीदाराच्या पैशांतून आली होती. यंदा देणगी नाही, त्यामुळे यंदाच्या सातवीला ओढाही नाही.

हिशेबनीस

गवतकाडी, त्या मुलीचा प्रश्न मोलाचा आहे हे मान्य करूनच मी तुमच्या सूचनेला विरोध करतो.

पर्यावरण शिक्षणावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याचा प्रयोग आपण पूर्वी केलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या प्रकरणात पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला, २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा कान उपटले, आणि दरम्यान २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेची पर्यावरण मंडळे शाळाशाळांतून निघाली. या सगळ्यातून सामान्य विद्यार्थ्याच्या हाती काय आले? सायबर कॅफेतून छापून आणलेला, पारदर्शक कव्हर घातलेला प्रकल्प, ज्यात मागच्या वर्षीच्या मुलाचे नाव खोडायचे कधीकधी राहून जाते. (माझ्या पुतण्याच्या प्रकल्पात चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे प्रदूषण होते. तो वारज्याच्या पलीकडे फारसा कधी गेलेला नाही.)

दुसरी गोष्ट अशी की, अंदाजपत्रकात खर्चाचे स्वतंत्र शीर्ष निघाले की त्यामागून निविदा येते, निविदेमागून ठेकेदार येतो, आणि ठेकेदाराच्या देयकात टोप्या, टी-शर्ट, फलक व छायाचित्रण यांचा भाग मार्गदर्शकाच्या मानधनाहून मोठा असतो. पर्वतीच्या पायथ्याच्या शाळेतून पर्वतीवर जायला बस कशाला लागते? शिक्षकाने मुलांची रांग लावावी आणि चालू पडावे. ज्या कामाला पैसा लागत नाही त्याला पैसा जोडला की ते काम पैशाशिवाय होईनासे होते, हे मी लेखापरीक्षणाच्या नोकरीत वारंवार पाहिले आहे.

निवृत्त बाई

हिशेबनीस, ‘रांग लावावी आणि चालू पडावे’ हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा बेचाळीस मुले घेऊन सिंहगड रस्ता ओलांडून पाहावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

मी सत्तावीस वर्षे शिकवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्याचा परिणाम असा झाला की शाळेच्या फाटकाबाहेर मुलांना नेणे म्हणजे संकट ओढवून घेणे, असे शिक्षकांच्या मनात बसले. संमतीपत्रे घरोघर पाठवायची, ज्यांचे पालक पहाटेच कामाला जातात त्यांच्यासाठी संध्याकाळी वस्तीत जाऊन सह्या किंवा अंगठे घ्यायचे, वनखात्याच्या हद्दीत जायचे असेल तर त्यांना वेगळे पत्र द्यायचे, आणि इतके करून काही घडले तर चौकशी एकट्या बाईंची. तळजाई टेकडीवर नेलेल्या एका वर्गात दोन मुलींना वाटेत पाळी आली. त्या सकाळी जवळपासचे एकही स्वच्छतागृह उघडे मिळाले नाही. शेवटी एका टपरीवाल्या काकूंनी त्यांना आपल्या घरी नेले. खर्च लागतो तो अशा गोष्टींसाठी: सोबत दुसरे मोठे माणूस, प्रथमोपचाराची पेटी, पाणी आणि गरज पडलीच तर परतीसाठी हाताशी असलेले वाहन.

मात्र गवतकाडींच्या सूचनेतला मार्गदर्शक मला खटकतो. बाहेरून आलेला तरुण दुर्बीण गळ्यात घालून पक्ष्यांची इंग्रजी नावे सांगतो, मुले ती पाठ करतात आणि शाळेत परतल्यावर मला ती ओळखता येत नाहीत. त्या मानधनात आधी शिक्षकांना दोन दिवस टेकडीवर न्या. आमच्यापैकी कितीतरी जणींना टेकडीवर सगळीकडे माजलेले गिरिपुष्प हे परदेशी झाड आहे, ते वनीकरणासाठी मुद्दाम लावले गेले आणि त्याखाली इथले गवत वाढत नाही, एवढेही ठाऊक नसते.

सातासमुद्र

मी मूळची कोथरूडची, सध्या अमेरिकेत असते, म्हणून इथला अनुभव नोंदवते. न्यू मेक्सिको राज्याने २०१९ मध्ये नेमक्या याच हेतूने सरकारी निधी उभारला: ज्या मुलांना घराबाहेरच्या निसर्गाचा लाभ सहसा मिळत नाही त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना, गावांना आणि आदिवासी समुदायांना त्यातून अनुदान मिळते. त्याआधी २०१५ मध्ये इथल्या केंद्र सरकारने चौथीच्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास सुरू केला होता. पण पास हातात असला तरी उद्यान दोनशे मैलांवर आणि घरात गाडी नाही, अशी स्थिती असेल तर त्याचा उपयोग काय? प्रवेशशुल्क माफ करणे सोपे असते. मूल तिथवर पोहोचवणे हाच खरा खर्च आहे.

हिशेबनीस

सातासमुद्र, आपल्या उदाहरणाने माझेच म्हणणे पुढे जाते. तिथे दोनशे मैल आहेत. इथे जनता वसाहतीतली घरे पर्वतीच्या उतारावरच चढलेली आहेत. अंतराचा प्रश्न जिथे नाही तिथे अंतरावरचा उपाय आणू नये.

पानमळा

मी याच भागातल्या वस्तीत वाढले आणि अजूनही तिथेच राहते. वरच्या सर्व प्रतिसादांत आमच्याविषयी बरेच बोलले गेले आहे, तेव्हा थोडे मीही बोलते.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा फुटला आणि पाणी आमच्या घरांत शिरले, वर्षभरात आंबिल ओढा आला. निसर्गाशी आमचा परिचय नाही, असे कृपया कोणी समजू नये. माझी आई कचरा वेचत असे. कोणते प्लास्टिक पुन्हा वापरात जाते आणि कोणते जात नाही हे तिला कोणत्याही पर्यावरण अभ्यासाच्या पुस्तकाआधी ठाऊक होते.

आम्हाला मज्जाव होतो तो वेगळ्याच पद्धतीने. माझा भाऊ आणि त्याचे मित्र टेकडीवर जाऊन बसले की रखवालदार हटकतो, ‘इथं काय करताय’ विचारतो आणि खाली पाठवतो. त्याच वाटेवरून पायांत भारी बूट घातलेले काका कानात गाणी ऐकत जातात, त्यांना कोणी विचारत नाही. एकाच टेकडीवर चालणे एकासाठी व्यायाम ठरते आणि दुसऱ्यासाठी टवाळकी. हिशेबनीस म्हणतात अंतर नाही. पायांनी मोजले तर खरेच नाही.

म्हणूनच सहलीच्या निधीविषयी माझे मन दोन्हीकडे आहे. शाळेबरोबर, गणवेशात, ओळखपत्र घालून सहा वेळा वर गेलेला मुलगा सातव्या वेळी एकटा गेला तर त्याला कमी हटकतील असे वाटते, आणि रखवालदारालाही तो ओळखीचा होईल. पण तो निधी ‘वंचितांसाठी’ असा फलक लावून येणार असेल, तर माझ्या भाचीला मी त्या बसमध्ये बसवणार नाही.

गवतकाडी

पानमळा, फलकाबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण पटले. वस्ती पाहून मुले निवडण्याऐवजी महापालिकेच्या सगळ्या शाळांतल्या सगळ्या मुलांसाठी ही तरतूद असावी, म्हणजे कुणावर शिक्का बसणार नाही. बाईंच्या मुद्द्याने मार्गदर्शकाचा आग्रहही मी सोडतो. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि प्रत्येक वर्गामागे एक मदतनीस, शक्यतो वस्तीतलीच एखादी ताई, असे करता येईल. बससाठी मात्र मी अडून बसेन, कारण ओढा उगमापासून पाहायचा तर कात्रजला जावेच लागते आणि दांडेकर पुलाच्या मुलांना कात्रज जवळ नाही.

हिशेबनीस

आता आपण दोघेही थोडे सरकलो आहोत, तर माझीही अट सांगतो. वेगळे शीर्ष नको, निविदा नको. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती थेट ठरावीक रक्कम द्यावी, त्यातून बस, पाणी आणि मदतनीस यांखेरीज काहीही विकत घेता येऊ नये, आणि हिशेब शाळेच्या दर्शनी फळ्यावर लिहावा. महापालिकेचा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल दरवर्षी निघतो. कोणत्या शाळेचा कोणता वर्ग कुठे गेला, ही एक पानाची यादी त्यात छापावी. टोपीचा एक रुपयाही दिसला तर मी पुन्हा विरोधात.

शिक्षकांच्या रिकाम्या जागा आधी भराव्यात, हे माझे मत कायम आहे. दोन बायकांनी चार वर्ग सांभाळायचे आणि त्यातली एक ओढ्यावर गेली, तर उरलेल्या वर्गांना कोण पाहणार, याचे उत्तर या धाग्यात अजून कोणीही दिलेले नाही.

निवृत्त बाई

त्याचे उत्तर माझ्याकडेही नाही, आणि मदतनीस वर्ग सांभाळेल असे म्हणून मी वेळ मारून नेणार नाही. तोवर एक बिनखर्चाची गोष्ट मात्र होण्यासारखी आहे. आमच्या शाळेत सकाळचे अधिवेशन साडेबाराला सुटायचे आणि जवळची बाग दुपारी बंद असायची, ती उघडायची चारला. मधले साडेतीन तास मुले बागेच्या कठड्यावर बसून आतल्या चिंचेकडे बघत असत. ते फाटक दुपारी उघडे ठेवायला कोणती निविदा लागते, हे हिशेबनिसांनी सांगावे.