मदत हवी आहे: वज्रेश्वरीच्या गरम कुंडांचा जुना इतिहास

नमस्कार मंडळी, मी दादरला राहते. आजी संधिवातासाठी दरवर्षी वज्रेश्वरीला जायची, अकलोलीच्या कुंडात बसली की गुडघे मोकळे होतात म्हणायची. तानसा नदीकाठची ही कुंडं, पाण्याला तो गंधकाचा वास, अजून आठवतो! चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर नवस फेडायला देवीचं देऊळ बांधलं हे माहितीये, 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्येही वज्राबाई म्हणून नोंद आहे, पण मला देवळापेक्षा कुंडांचं हवंय. मुंबईची माणसं आधी कशी जायची, वसईहून बैलगाडीने का, राहायची कुठे? कोणाकडे जुने फोटो, पत्रं किंवा घरातल्या मोठ्यांच्या आठवणी असतील तर प्लीज सांगा, आजीसाठी सगळं लिहून काढतेय.