पेकॉक्स हाउस, कॉगेशॉल: पुढे आलेली माडी आणि विटांच्या सांध्यांतलं सिमेंट

कडीपाट:
इंग्लंडच्या एसेक्समधल्या कॉगेशॉलचं पेकॉक्स हाउस कापडव्यापारी थॉमस पेकॉकने १५०९ च्या सुमारास बांधलं. ग्रेड १, म्हणजे संरक्षित इमारतींतला सर्वांत वरचा वर्ग; १९२४ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. माडी रस्त्यावर पुढे आलीय, खाली खांब नाही. ती तोलते कशी? आणि अशा घरांच्या विटकामात सिमेंट का नको म्हणतात?

सुतारपक्षी:
माडीच्या कड्या, म्हणजे तिची जमीन तोलणारी आडवी लाकडं, खालच्या भिंतीवरून सरळ बाहेर काढलेल्या असतात. त्यांच्या टोकांवर एक आडवी तुळई, तिला ब्रेसमर म्हणतात, आणि तिच्यावर वरची भिंत. भिंतीचं वजन टोकं खाली दाबतं, त्यामुळे खोलीच्या मध्यात कड्यांना पडणारा झोळ कमी होतो. त्या काळी कड्या आडव्या, म्हणजे रुंद बाजू खाली ठेवून टाकत. त्या लवकर झोळतात, म्हणून हा भार उपयोगीच पडतो. पेकॉक्सच्या ब्रेसमरवरची वेलबुट्टी आणि मालकाची आद्याक्षरं जरूर निरखा, अप्रतिम काम आहे. धोका एकच: कडीचं टोक कुजलं की ब्रेसमर बसतो आणि वरच्या खिडक्या तिरक्या होतात.

चुनेवाला:
अशा घरांत लाकडी सांगाड्याच्या खांबांमध्ये मुळात बहुधा आपल्या कुडासारखी काठ्या-मातीची भिंत असे. विटा बऱ्याचदा नंतरच्या. सांगाड्याचं ओक लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं, आक्रसतं. सिमेंट हलत नाही, त्यामुळे लाकडालगत केसाएवढी फट पडते. पाणी तिथून आत जातं, पण सिमेंटमधून सुकत नाही. आधी कुजतो तो खांबाचा तळ.
विटांच्या सांध्यांतलं सिमेंट छिन्नीने, हातानेच काढा. ग्राइंडरने विटांच्या कडा जातात. धूळ झटका, विटा भिजवा, मग भिजवलेल्या चुन्याचा १ भाग आणि जाड, टोकदार कणांच्या वाळूचे ३ भाग दाबून भरा. काही दिवस ओलं गोणपाट ठेवा. ५ अंशांखाली काम नको. गोठलं तर चुना भुसभुशीत होऊन गळतो. फटीत सिलिकॉन तर अजिबात नको.

कडीपाट:
खांबाचा तळ कुजलेला निघाला तर?

सुतारपक्षी:
कुजलेलं तेवढंच कापा. नवा ओक तिरक्या सांध्याने जोडून लाकडी मेखा ठोका. स्क्रू लागलेच तर स्टेनलेसचे. ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य साधं लोखंड खातं. पण कापण्याआधी स्थानिक कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या इमारतींच्या जतनाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा. संमती लागणारं काम तिच्याशिवाय केलं, तर संरक्षित इमारतींच्या १९९० च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा आहे.